‘मनाला येईल ते द्या’: एका पेपरची सरासरी आणि तिच्यात न मोजलेली माणसं



मागच्या वेळी आपण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसा वाचायचा ते पाहिलं. आज अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून तिथंच थांबलं तर काय होतं ते सांगते. चूक माझी आहे, पैसे मात्र माझ्या मामेभावाचे गेले.

आमचं गाव बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. दादा (मामेभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा) भजनी मंडळात गातो. दोन वर्षांपूर्वी त्यानं गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या आठ अभंगांचा अल्बम रेकॉर्ड केला. कुठली कंपनी नाही, कुणी निर्माता नाही. स्टुडिओचे १६,०००, पखवाज, पेटी, टाळ आणि कोरसवाल्यांचे मिळून २०,०००, मिक्सिंग-मास्टरिंगचे ८,००० आणि जाण्यायेण्याचे, जेवणाखाण्याचे ४,०००. एकूण ४८,००० रुपये. त्यातले निम्मे भिशीतून उचललेले.

अल्बम तयार झाल्यावर त्याचा फोन आला. “अगं, तू एवढं शिकलीस, आता सांग, भाव किती ठेवू?”

मी वनस्पतीशास्त्रात पीएचडी करतेय. गाण्याच्या भावाशी माझा काय संबंध? पण रिसर्च स्कॉलर म्हटलं की ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तोंडातून लवकर निघत नाही. मी दोन तास शोधलं, एक पेपर सापडला, त्याचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचला आणि दादाला सांगितलं, “भाव ठेवूच नको. मनाला येईल ते द्या म्हण. लोक जास्त देतात, सिद्ध झालंय.”

‘सिद्ध झालंय’ हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंय.

आधी हे समजून घ्या की प्रश्न अवघड का आहे

आपल्याकडे गाणाऱ्यानं स्वतःच्या अल्बमचा भाव स्वतः ठरवायची सवयच नव्हती. कार्यक्रमाची सुपारी तो ठरवायचा, रेकॉर्डचा किंवा कॅसेटचा भाव कंपनी ठरवायची. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट इतकी स्वस्त केली की ती पानटपरीपर्यंत पोचली. हा सगळा बदल पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या पुस्तकात नीट मांडलेला आहे. लोकगीतं, भक्तिगीतं, बोलीभाषेतली गाणी यांना त्यातून बाजार मिळाला. पण भावाच्या चर्चेत गाणारा कुठंच नव्हता. त्याला बहुतेकदा एकरकमी पैसे मिळायचे आणि विषय संपायचा.

पुढं काही कलाकारांनी हे हातात घ्यायचा प्रयत्न केला. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ सुरू केलं, कलाकाराचे हक्क कलाकाराकडेच राहावेत या विचारानं. ‘इंडियन ओशन’ या बँडनं २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधली गाणी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट द्यायला सुरुवात केली. एकानं दुकान स्वतःचं काढलं, दुसऱ्यानं भाव शून्य ठेवला. दोन्ही ठिकाणी नाव आधीच झालेलं होतं हे विसरू नका.

आणि आमच्या बोरीत? मी शाळेत असताना मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी. ते पैसे कार्ड भरून देणाऱ्याचे, गाण्याचा भाव शून्य. आता यूट्यूब आहे. स्ट्रीमिंगवर टाकावं म्हटलं तर २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. तालुक्याच्या भजनी मंडळातल्या माणसासाठी हा आकडा लहान नाही.

म्हणून दादाचा प्रश्न खरा होता. त्याला उत्तर हवं होतं, आणि मी त्याला एक सरासरी दिली.

पेपर काय म्हणतो

टोबियास रेगनर आणि हाविएर बारिया यांचा हा पेपर २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक बिहेविअर अँड ऑर्गनायझेशन’मध्ये आला. विषय: लोक स्वखुशीनं पैसे देतात का? त्यांनी अभ्यासलेली कंपनी म्हणजे ‘मॅग्नाट्यून’. जॉन बकमन यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सुरू केलेलं ऑनलाइन म्युझिक लेबल. तिथली पद्धत अशी:

– अल्बम आधी पूर्ण ऐकता यायचा, फुकट.
– विकत घ्यायचा असेल तर ५ ते १८ डॉलरमधली रक्कम ग्राहकानं स्वतः निवडायची.
– कंपनीची शिफारस ८ डॉलर.
– आलेल्या पैशातले निम्मे कलाकाराला.

निष्कर्ष असा की ग्राहकांनी सरासरी ८.२० डॉलर दिले. किमान ५ पेक्षा बरेच जास्त, आणि शिफारशीपेक्षाही थोडे वरच. लेखकांचं स्पष्टीकरण: समोरच्यानं आपल्यावर विश्वास टाकला, आधी ऐकायला दिलं, तर आपणही त्याच्याशी चांगलं वागतो. म्हणजे परतफेडीची भावना.

आधी पेपरचं चांगलं काय ते सांगते. क्रिटिकल रिव्ह्यू म्हणजे दोष काढणं, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. पेटच्या मुलाखतीतही मुलं पेपर हातात आला की लगेच ‘सॅम्पल साइझ कमी आहे’ म्हणून मोकळी होतात. तसं करू नका.

या पेपरचं बळ हे, की यात ‘तुम्ही किती द्याल?’ असं विचारलेलं नाही. खऱ्या माणसांनी खऱ्या खिशातून दिलेले पैसे मोजलेत. प्रश्नावलीत सगळेच उदार असतात. दुसरं, काळ बघा. फुकटच्या डाउनलोडमुळे संगीताचा धंदा संपला अशी बोंब सगळीकडे होती. तेव्हा हे दाखवणं की संधी मिळाली म्हणून प्रत्येक जण किमान रकमेवर बोट ठेवत नाही, हे महत्त्वाचंच होतं. सगळ्यांनी किमान रक्कमच धरली असती तर सरासरी ५ च्या आसपास घुटमळली असती. ती तशी घुटमळली नाही.

शिवाय लेखक स्वतः सावध आहेत. हा मार्ग व्यवसाय म्हणून चालू ‘शकतो’, एवढंच ते म्हणतात. ‘शकतो’चं ‘सिद्ध झालंय’ मी केलं, फोनवर, एका मिनिटात.

आता अडचण

आपल्या भागातलं उदाहरण घेते. सोयाबीनची उगवण चाचणी तुम्हाला माहीत असेलच. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. आता समजा कुणी तुम्हाला सांगितलं, “उगवलेल्या रोपांची सरासरी उंची फार चांगली आहे.” तुम्ही ते बियाणं घ्याल? आमच्या गावातला कुठलाही शेतकरी आधी विचारेल, “ते ठीक आहे, पण शंभरातले उगवले किती?”

८.२० डॉलर ही उगवलेल्या रोपांची उंची आहे.

हे आकडे झालेल्या खरेदीचे आहेत. ज्यानं अल्बम ऐकला, ‘किती देऊ’ या रकान्यापाशी आला, घुटमळला आणि पान बंद केलं, तो या सरासरीत नाही. तो शून्य म्हणूनही धरलेला नाही. तो हिशेबातच नाही. सरासरी काढताना छेदात कोण बसलंय हे बघायला आपण शाळेत शिकतो आणि पेपर वाचताना विसरतो.

पेपरचा प्रश्न ‘विकत घेणारे कसे वागतात’ एवढाच असेल तर हे चालून जातं. ग्राहकाचं वागणं हाच त्यांचा विषय आहे. दादाचा प्रश्न वेगळा होता. त्याला एका माणसामागचे पैसे नको होते, एकूण पैसे हवे होते. माणशी रक्कम वाढली आणि माणसंच कमी झाली, तर सरासरी छान दिसेल आणि भिशीचा हप्ता थकेल.

दुसरी अडचण ‘स्वखुशीनं’ या शब्दाची. खाली ५ ची भिंत, वर १८ ची भिंत आणि मध्ये ८ ची पाटी. लोकांनी दिले ८.२०. हे परतफेडीच्या भावनेमुळे असेलही. पण ‘साइटनं ८ सांगितले, आपण ८ दिले, काही जणांनी वर टाकले’ असंही याचं साधं वाचन होऊ शकतं. दोन्हींत फरक कसा करायचा? पाटीवरचा आकडा बदलून बघायचा. काही ग्राहकांना ६ दाखवायचा, काहींना १०, कुणाला काय दिसेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आकड्यासोबत सरासरी हलली तर पाटीचा जोर जास्त. इथे कंपनीची एकच चालू पद्धत बाहेरून पाहिलेली आहे, त्यामुळे हा फरक सुटत नाही. रेगनर यांनी पुढं, २०१५ च्या पेपरमध्ये, याच ग्राहकांना त्यांची कारणं विचारली. पण माणूस स्वतःचं जे कारण सांगतो तेच खरं कारण असतं का, हा वेगळाच प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट मला नंतर कळली. पेपर आल्यावर पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, मॅग्नाट्यूननं सुटे अल्बम विकणं बंद केलं आणि सभासदत्वाची पद्धत धरली. हे वाचून मला वाटलं, सापडला पुरावा! पण हीसुद्धा घाईच. कंपनीनं एक पद्धत सोडली म्हणजे ती तोट्यात होती असं होत नाही, दुसरीत जास्त मिळत असेल. आपल्याला हवा तसा पुरावा सापडला की तिथंच सगळ्यात जास्त थांबायचं असतं.

न घेणाऱ्यांना मोजणारा पेपर

हे अडचणीचं काम पुढं एका गटानं केलं. आयेलेट ग्नीझी, उरी ग्नीझी, गेरहार्ड रीनर आणि लीफ नेल्सन यांचा २०१२ चा पेपर, ‘पीएनएएस’मध्ये. त्यातल्या एका प्रयोगात बोटीच्या सहलीला आलेल्या लोकांना त्यांचे फोटो विकायला ठेवले. काहींना १५ डॉलरला, काहींना ५ डॉलरला, आणि काहींना ‘मनाला येईल ते द्या’ म्हणून. इथं छेदात सगळे आहेत, घेणारेही आणि न घेणारेही.

साधा अंदाज काय? ज्याला ५ डॉलरला परवडतं तो ‘मनाला येईल ते’मध्ये पाचच देईल आणि फोटो घेईल. म्हणजे घेणारे निदान तेवढेच असायला हवेत. निघालं उलटं. ५ डॉलर ठाम भाव असताना जेवढ्यांनी घेतला, त्यापेक्षा कमी लोकांनी ‘मनाला येईल ते’मध्ये घेतला. लेखकांचं म्हणणं असं: योग्य भावापेक्षा कमी देताना माणसाला स्वतःबद्दल वाईट वाटतं, आणि ते वाटून घेण्यापेक्षा तो वस्तूच सोडून देतो.

‘लोकांना दुसऱ्यासमोर लाज वाटते’ असं लगेच लिहून मोकळं होऊ नका. याच पेपरमधल्या व्हिएन्नाच्या रेस्टॉरंटमधल्या प्रयोगात, कुणी बघत नसताना लोकांनी जास्त दिले. म्हणजे प्रश्न शेजाऱ्याच्या नजरेचा नाही, निदान फक्त तिचा नाही. स्वतःच्या नजरेचा आहे.

बोरीत काय झालं

दादानं माझं ऐकलं. सप्ताहातल्या भजनाच्या रात्री मंडपाच्या खांबाला त्यानं क्यूआर कोडचा बोर्ड लावला: ‘मनाला येईल ते द्या, अल्बमची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर मिळेल.’ मंडपात दीड-दोनशे माणूस होतं. पैसे दिले अकरा जणांनी.

आकडे असे: ५०१, २५१, १५१, पाच जणांचे १०१, एकाचे १०० आणि दोघांचे ५१. एकूण १,६१० रुपये, सरासरी १४६. मी खूश! माझ्या मनात ‘योग्य’ भाव १०० चा होता आणि लोकांनी दीडपट दिले. पेपर बरोबर निघाला! (यातला ५०१ वाला पुण्याहून आलेला दादाचा वर्गमित्र. तो वगळला तर सरासरी १११ वर येते. मध्यक आधीही १०१ आणि नंतरही १०१. एवढ्या लहान संख्येत सरासरी सांगणारी मी, आणि विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवणारीही मीच.)

दादा म्हणाला, “अगं, ते अकरा जाऊ दे. कितीतरी लोकांनी येऊन विचारलं, कितीला आहे? मी म्हणलो, तुमच्या मनाला येईल ते. की गप्पच झाले. एक जण म्हणला, तू भाव सांग ना बाबा, उगी कोड्यात घालू नको.”

आणि याच माणसांनी त्याच रात्री भजनात पेटीवर नोटा ठेवल्या होत्या. ‘अमुक अमुक यांच्याकडून माउलींच्या चरणी १०१ रुपये’ असं माइकवरून सांगितलं जात होतं. तेही मनाला येईल तेच होतं की! मग तिथं हात का आखडला नाही?

मला वाटतं, कारण तिथल्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ११, २१, ५१, १०१, ५०१. कोण आहे, नातं काय, प्रसंग काय यावरून कुठल्या पायरीवर उभं राहायचं हे आपल्याला लहानपणापासून कळतं. आहेराचंही तेच. आपल्याकडची स्वखुशी कधीच कोऱ्या पाटीची नव्हती. अल्बमला मात्र पायरीच नाही. ऐकणाऱ्याला कळत नाही की ५१ दिले तर दादाचा अपमान होईल का आणि २०१ दिले तर आपण बावळट ठरू का. मॅग्नाट्यूनच्या पाटीवरचा ८ डॉलर हेच काम करत होता. दादाच्या बोर्डवरून मी नेमकी तीच पायरी काढून टाकली होती.

पुढच्या महिन्यात एकादशीच्या कार्यक्रमाला बोर्ड बदलला: ‘अल्बम १०१ रुपये. जास्त द्यायचं ते तुमच्या मनाचं.’ ३४ जणांनी घेतला. दोघांनी २०१ दिले, एकानं २५१, बाकीच्यांनी १०१. एकूण ३,७८४ रुपये. सरासरी बघा: १४६ वरून १११ वर आली. फक्त सरासरी छापली असती तर दुसरी पद्धत हरली असती. दादाच्या हातात मात्र दुपटीहून जास्त पैसे आले.

यावरून काही सिद्ध झालं का? नाही. एकादशीची गर्दी वेगळी होती, गाणी लोकांनी आधी ऐकलेली होती, आणि मंडपात नेमकी किती माणसं होती हे दोन्ही वेळा कुणी मोजलं नाही. मी इथं बसून पेपरच्या छेदावर बोलतेय आणि माझा स्वतःचा छेद ‘दीड-दोनशे’ आहे! हा किस्सा आहे, प्रयोग नाही. पण कुठला प्रयोग करायला हवा ते या किश्श्यानं मला दाखवलं, एवढं नक्की.

मग भाव कसा ठरवायचा?

कुणी गाणारं हे वाचत असेल तर माझ्याकडे एवढंच आहे. खर्च भागिले भाव, हे आधी कागदावर करा. ४८,००० भागिले १०१ म्हणजे ४७६ माणसं. तेवढी माणसं तुमच्यापर्यंत पोचतात का, हा खरा प्रश्न आहे. भाव त्याच्या नंतर येतो. भाव सांगा, ठाम सांगा, ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटेल असा सांगा. वर द्यायला जागा ठेवा, पण अंदाज बांधायचं काम त्याच्यावर टाकू नका. आणि अल्बममधून खर्च निघेलच असं धरू नका. दादाचे दोन कार्यक्रमांत मिळून ५,३९४ रुपये आले. भिशीचे हप्ते अजून चालू आहेत. अल्बम ऐकून दोन गावांहून सुपारी आली, तो हिशेब वेगळा, आणि त्याच्यावर मला अजून पेपर सापडलेला नाही.

संशोधनाच्या तयारीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी: पुढचा जो पेपर हातात घ्याल, त्यातली एक सरासरी निवडा आणि वहीत तीन ओळी लिहा. या सरासरीत कोण मोजलंय? कोण दारापर्यंत येऊन परत गेलं? आणि ज्याला ‘स्वतःची निवड’ म्हटलंय, तिथं आधीच कुणी आकडा सांगून ठेवला होता का? या तीन ओळी लिहिल्याशिवाय कुणालाही सल्ला देऊ नका. विशेषतः ज्यानं भिशी उचललीय, त्याला.

परवा दादाचा परत फोन आला. दुसऱ्या अल्बमचं चाललंय. म्हणाला, “ह्या वेळी भाव मी ठरवतो. तू मंडपाच्या दारात बस आणि माणसं मोज.”

जाणार आहे.